गाईड दोघांच्या मधोमध ठेवा

आमच्या गल्लीतल्या आक्का परवा संध्याकाळी पदराखाली स्टीलचा डबा घेऊन आल्या. आत जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेले चांदीचे चौदा रुपये. सासूबाईंचे. २०१९ च्या सांगलीच्या महापुरात डबा माळ्यावर होता म्हणून वाचला. आता नातवाची फी भरायची म्हणून ते मोडायचे होते. मी जुनी नाणी जमवतो म्हणून त्या माझ्याकडे आल्या, पण त्याआधी एका दुकानात जाऊन आल्या होत्या. तिथं त्यांच्यापुढं नाण्यांचं छापील प्राइस गाईड उघडलं, एका रकान्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं, "आक्का, पुस्तकातच एका नाण्याला सहाशे लिहिलंय. यापेक्षा जास्त तुम्हाला कोण देणार नाही."

दोन वर्षांपूर्वी त्याच दुकानात मी पंचम जॉर्जचा एक रुपया घ्यायला गेलो होतो. तेच पुस्तक, जवळपास तेच पान. तेव्हा बोट सगळ्यात उजवीकडच्या रकान्यावर होतं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच दुकानात चालतं असं नाही. पण मला याचा राग येतो. घेताना डावीकडचा कमी भावाचा रकाना आणि विकताना उजवीकडचा जास्त भावाचा, ही वाचायची पद्धत नव्हे, ही समोरच्याला वाचता येत नाही याची कमाई आहे.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. बाजारभाव छापून येतात त्यात हळदीपुढं किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे आकडे असतात. शेतकरी कमाल आकडा वाचून गाडी भरतो. सौदा मात्र निघतो पोत्यातल्या मालावर. खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग बघतो, ओल बघतो, गट्टा किती मिसळलाय ते बघतो. मग हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन जी पट्टी हातात पडते ती शेतकऱ्याची खरी रक्कम. छापलेला आकडा खोटा नसतो, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी पोत्याचा असतो. नाण्यांचं गाईड मी याच नजरेनं वाचत आलोय.

गाईडचं पहिलं काम भाव सांगणं नाही, ओळख पटवणं आहे. १८४० चा व्हिक्टोरियाचा रुपया घ्या. एकात राणीच्या डोक्यावरून अक्षरं सलग फिरतात, दुसऱ्यात ती दोन्ही बाजूंना तुटलेली असतात. एकच साल, पण गाईडमध्ये दोन वेगळ्या नोंदी आणि दोन वेगळे भाव. १८६२ चा रुपया तर पुढं कित्येक वर्षं तेच साल टाकून पाडला गेला. तो नेमका कधीचा हे मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून ठरवतात. हे ठिपके न मोजता "अठराशे बासष्टचा भाव किती?" विचारणं म्हणजे "गाडीचा भाव किती?" विचारण्यासारखं आहे. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, बराच माल परत वितळवला गेला आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट दिसेल असं चित्र केलं. म्हणून १९११ ला जास्त भाव. आणि १९४० पासून रुपयातली चांदी वजनाच्या निम्म्यावर आणली. वजन तेच ११.६६ ग्रॅम, दिसायला तसाच, पण चांदी १०.६९ ग्रॅमऐवजी ५.८३.

या ओळखीतच मी एकदा मोठा फटका खाल्लाय. १९३९ चा रुपया दुर्मीळ आहे, १९३८ चा सहज मिळतो. एका प्रदर्शनात मी १९३९ चा म्हणून एक घेतला. वजन बरोबर, आवाज बरोबर, कडेच्या रेघा बरोबर. का नसणार, नाणं खरंच होतं. घरी येऊन भिंगाखाली धरलं तेव्हा शेवटच्या ९ च्या पोटाजवळ धातू खरवडलेला दिसला. १९३८ मधल्या ८ ची खालची गाठ एका बाजूनं कोरून काढली होती. गाईडमध्ये मी फक्त भाव बघितला होता, शेजारी मोठा करून छापलेला ९ चा फोटो बघितला नव्हता. तेव्हापासून खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं आणि दुर्मीळ सालाचं नाणं मी गाईडमधल्या फोटोशेजारी ठेवून एकेक आकडा जुळवल्याशिवाय पैसे काढत नाही.

दुसरी गोष्ट अवस्थेची, म्हणजे ग्रेडची. गाईडमध्ये एकाच नाण्यापुढं चार-पाच रकाने असतात, झिजलेल्यापासून न वापरलेल्यापर्यंत, आणि एका रकान्यातून दुसऱ्यात गेलं की भाव दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. विकणाऱ्याला आपलं नाणं कायम एक रकाना वर दिसतं, घेणाऱ्याला एक रकाना खाली. यावर माझा उपाय साधा आहे: आधी ग्रेड ठरवायचं, दोघांनी कबूल करायचं, मग पुस्तक उघडायचं. पुस्तक आधी उघडलं की डोळा आकड्याकडं बघून ग्रेड ठरवायला लागतो. व्हिक्टोरियाच्या रुपयात मी कानावरचे केस आणि मुकुटाची नक्षी बघतो. झीज तिथं आधी दिसते.

आणि काही नाण्यांना रकानाच नसतो. आपल्या भागात रुपयाला कडी लावून माळेत ओवायची जुनी रीत. ती कडी नंतर काढली तरी काठावर डाग देताना लागलेल्या जोडाचा ठिपका राहतो. चिंच आणि रांगोळीनं घासून लख्ख केलेल्या नाण्याचंही तेच. बायका मायेनं घासतात, सणाला पूजेत ठेवायचं म्हणून. पण जुन्या नाण्यावरचा तो काळपट थर गेला की संग्राहक हात आखडता घेतो आणि गाईडमधला कुठलाच भाव त्याला लागत नाही. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो. मलाही सांगताना वाईट वाटतं, पण न सांगणं त्याहून वाईट.

शिवराईबद्दल तर वेगळंच लिहायला हवं. "श्री राजा शिव" आणि मागं "छत्रपति" लिहिलेलं तांब्याचं नाणं हातात आलं की माणूस भावुक होतो, मीही होतो. सुवर्ण होनाबरोबर हे नाव राज्याभिषेकाशी, १६७४ शी जोडलं गेलंय. पण शिवराई महाराजांच्या पश्चात, पेशवाईतही, खूप वर्षं आणि खूप मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. त्यामुळं दुदांडी शिवराईसारखे नंतरचे साधे प्रकार आजही सामान्य माणसाला परवडतात. फोटोत सगळी अक्षरं ठळक दिसतात. आपल्या हातातल्या नाण्यावर मात्र "श्री रा" एवढंच उमटलेलं असतं, कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. किती अक्षरं तुकड्यावर आली यावर भाव हलतो, आणि ते कुठल्याच पुस्तकाला आधी छापता येत नाही. होन म्हणून कुणी काही दाखवलं तर माझं सरळ मत आहे, जाणकाराला दाखवल्याशिवाय हात लावू नका. नकली होनांचा सुळसुळाट आहे. आणि नांगरताना, पाया खणताना काही सापडलं असेल तर विक्रीचा विचारही नको, १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणं ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आता आक्कांच्या सहाशेकडं येतो. दुकानदारानं दाखवलेलं गाईड जुनं होतं, आणि मधल्या काळात चांदी किलोला लाखाच्या वर गेली. लाखच धरला तरी जुन्या रुपयात १,०६९ रुपयांची चांदी होते. म्हणजे पुस्तकातला संग्राहकाचा भाव नाण्यातल्या धातूच्याही खाली राहिला होता. आक्कांच्या चौदापैकी बारा जुन्या चांदीचे, दोन १९४४-४५ चे निम्म्या चांदीचे. एकूण चांदी जवळपास १४० ग्रॅम, लाखाच्या दरानं १४,००० रुपयांची. दुकानात सांगितले होते ८,४००. चांदीच्या नाण्यांसाठी गाईडची आवृत्ती कधीची आहे हे पहिल्या पानावर बघायचं आणि शेजारी त्या दिवशीचा सराफी भाव लिहायचा. एवढं केलं तरी निम्मी फसवणूक थांबेल असं मला मनापासून वाटतं.

लिलावाचे निकालही जपून वाचावे लागतात. बोली ज्या आकड्याला थांबते त्यावर घेणारा लिलाववाल्याचं प्रीमियम आणि कर भरतो, विकणाऱ्याच्या रकमेतून कमिशन जातं. एकाच नाण्याचे तीन आकडे होतात, आणि आपल्यापर्यंत सगळ्यात मोठा पोचतो. आणि वेबसाइटवर कुणी "किंमत पाच लाख" टाकलं म्हणजे ते गेलं असं नसतं. वैष्णोदेवीच्या २०१२ च्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात असे मेसेज अजून फिरतात. आधी नोंदणी फी भरा, मग कर भरा, असं म्हणत पैसे काढून घेतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये यावर जाहीर इशारा दिलाय. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे एकदा समोर बसून सांगा.

दुकानदारानं नफा कमवू नये असं माझं म्हणणं नाही. त्याचं भाडं आहे, माल महिनोन्‌महिने पडून राहतो, तो पुस्तकातल्या भावापेक्षा कमीनंच घेणार. घ्यावं. पण कमी का, हे समोरच्याला कळेल असं सांगून घ्यावं. गाईड टेबलाच्या मधोमध, पान दोघांना दिसेल असं. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याला रकाना वाचून दाखवायचा. एवढीच मागणी आहे.

आक्कांचे दहा रुपये आम्ही त्यांच्या नातवाला घेऊन सराफ कट्ट्यावर चांदीच्या भावानं दिले. गाळणीची घट वजा झाली, ती त्यांनी बघितली. १८६२ चे दोन बरे होते, ते एका संग्राहकानं चांदीच्या वर पैसे देऊन घेतले. एक १९०१ चा मी घेतला. काठावर ठोका होता, म्हणून पुस्तकातल्या भावाच्या पाऊणपट दिले, आणि ते कारण, ग्रेड, पान नंबर असं कागदावर लिहून दिलं. चौदावा कडीचा. तो सासूबाईंच्या माळेतला होता, आक्कांनी तो द्यायचाच नाही म्हणून पुन्हा चिंधीत बांधला.

सांगली-मिरजेत कुणाच्या घरी असा डबा असेल तर मोडायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो आणि ग्रॅममधलं वजन मला मेसेंजरवर पाठवा. रविवारी मी घरी असतो. फक्त फोटो चांगला यावा म्हणून नाणं घासू नका.