डेटिंग ॲपसाठी फोटो काढायचेत? ही थंडी वाया घालवू नका

मागच्या वर्षी माझ्या मावसबहिणीला ॲपवर ओळख झालेला एक मुलगा भेटायला आला आणि खुर्चीत टेकता टेकताच म्हणाला, "फोटोत वेगळ्या दिसता तुम्ही." घरी आल्यावर ताई काहीच बोलली नाही. रात्री जेवणं झाल्यावर तिने फोन माझ्यापुढे धरला. पाचही फोटो कुणाकुणाच्या लग्नातले. पार्लरचा मेकअप, हॉलचे पांढरेफटक दिवे आणि वर चेहरा गोरा-गुळगुळीत करणारा फोनचा ब्यूटी मोड. सावळी, टपोऱ्या डोळ्यांची, हसली की डाव्या गालाला खळी पडणारी आमची ताई त्यात कुठेच नव्हती.

"रविवारी हनुमान टेकडीवर चल," मी म्हटलं. डिसेंबर सुरू होता.

पुण्यात राहत असाल तर असे फोटो थंडीतच काढा, हे मी अगदी कळकळीने सांगते. मे महिन्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. 13 मेच्या सुमारास तर आपली सावलीही पायाखाली जाते. त्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. डिसेंबरअखेर तोच सूर्य भर दुपारी जेमतेम 48 अंशांपर्यंत चढतो, म्हणजे ऊन दिवसभर तिरपंच. आणि संध्याकाळी सव्वापाच ते पावणेसहा हा अर्धा तास तर सोन्यासारखा. सावळा रंग या उन्हात जसा खुलतो तसा कुठल्याच दिव्याखाली खुलत नाही. टेकडीवरचं गवत तोवर वाळून पिवळं झालेलं असतं, त्यावरून उलटलेला उजेड खालून चेहऱ्यावर येतो. स्टुडिओत याच कामासाठी रिफ्लेक्टर धरतात.

थंडीत कातडी उलते, ओठ फुटतात, त्याची काळजी आदल्या रात्रीच घ्यायची. हातांना, कोपरांना खोबरेल चोळायचं, ओठांना तूप. चेहऱ्याला मात्र ऐन वेळी तेल नको, तिरप्या उन्हात कपाळ चकाकतं. ताई काळं फुगीर जॅकेट घालून आली होती. त्यात मान बुडून जात होती. ते काढायला लावून मी तिला काकांचा मरून स्वेटर दिला, स्कार्फही सोडायला लावला.

सेल्फी नकोच. 2018 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशेब मांडला होता: एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. नाकात काही खोट नसते, अंतर चुकलेलं असतं. मी सहा-सात पावलं मागे गेले, मागचा कॅमेरा थोडा झूम केला आणि स्क्रीनवर तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, म्हणजे मागच्या आकाशामुळे चेहरा काळवंडत नाही. ऊन तिच्या एका गालावर येईल अशी तिला उभी केली. समोरून ऊन आलं की डोळे बारीक होतात.

तरी पहिले वीसेक फोटो फुकट गेले. गारठ्याने तिचे खांदे कानांपर्यंत चढले होते. मग येताना घेतलेली ओल्या हरभऱ्याची जुडी मी तिच्या हातात दिली. ती घाटे सोलायला लागली, दोन-चार खाल्ले, एक पोकळ निघाला. "बघ गं, हा नुसताच फुगलाय!" म्हणून तिने मान वर केली आणि हसली. खळी पडली. गालावर ऊन, अंगठ्याच्या नखात हिरवा रंग. तोच फोटो पहिला लावला.

ब्यूटी मोडबद्दल मला खरंच वाईट वाटतं. 2020 साली लोकांनी आवाज उठवल्यावर शादी डॉट कॉमला त्वचेच्या रंगावरून स्थळं शोधायचं फिल्टर काढून टाकावं लागलं. आणि तेच काम आपण आपल्या फोनमध्ये आपल्याच चेहऱ्यावर करत बसतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तो मोड आधी बंद करा. भेटायला येणाऱ्या माणसाने तुम्हाला दारातूनच ओळखलं पाहिजे.

ताईने त्या आठवड्यात लग्नांमधले पाचही फोटो काढून टाकले. पुढे कोण भेटलं, काय झालं, ते सांगायचं की नाही हे तिचं ती ठरवेल.

पुण्यात असाल आणि फोटो काढून देणारं कुणी नसेल, तर मला मेसेज करा. जानेवारी संपेपर्यंत दर रविवारी पाच वाजता मी टेकडीवर असते. स्वेटर आवडत्या रंगाचा घाला. हरभरा मी आणेन.