लेकराच्या घड्याळात २२ मिनिटं शिल्लक होती

सकाळी दुकान उघडलं, मोबाईल बघितला आणि डोकंच फिरलं. आमच्या इथल्या एका बुद्धिबळाच्या क्लासने ग्रुपवर बॅनर टाकलंय. माझ्या भाच्याचा फोटो, डोक्यावर सोनेरी मुकुट चिकटवलेला, आणि खाली मोठ्या अक्षरात "परभणीचा ऑनलाईन मास्टर, रेटिंग २३१०". त्याच्याखाली नुसता अभिनंदनाचा पाऊस, लई भारी, भावी विश्वविजेता, आमची छाती फुगली वगैरे. फोटोत लेकरू हसायलंय. फोटो जुना आहे. तीन आठवडे झाले ते नीट हसलेलं नाही, आणि कामून हसत नाही हे त्या क्लासवाल्याला पक्कं माहिती आहे, कारण नांदेडच्या त्या हॉलमध्ये तो माझ्या शेजारीच उभा होता.

तुम्ही सगळे आपले लोक आहात म्हणून सविस्तर लिहितोय, नाहीतर गप्प बसलो असतो.

आधी त्या मास्टर शब्दाचं. तो असा वाटत फिरायचा शब्द नाही हो. फिडे म्हणजे बुद्धिबळाची जागतिक संघटना, तिचा फिडे मास्टर व्हायला २३०० रेटिंग लागतं, इंटरनॅशनल मास्टरला २४०० आणि वर तीन नॉर्म (म्हणजे तगड्या स्पर्धांत ठरलेल्या दर्जाची कामगिरी), ग्रँडमास्टरला २५०० आणि तीन नॉर्म, आणि हे सगळं समोरासमोर बसून, आर्बिटरसमोर म्हणजे पंचासमोर, तासन् तास डोकं लावून मिळवायचं. आमच्या पोराचं फिडे रेटिंग १७२० आहे. आठवीतलं लेकरू, १७२०, तेही परभणीत राहून! ही काय छोटी गोष्ट आहे का? तेच लिहायचं ना बॅनरवर. २३१० आहे ते मोबाईलवरच्या बुलेटचं, म्हणजे अख्ख्या डावाला प्रत्येकी एकच मिनिट. दोन वेगवेगळी मापं आहेत ही, पायली आणि किलोसारखी, आणि क्लासवाल्याला हे कळत नाही असं मी मानायला तयार नाही.

आता नांदेडचं सांगतो. क्लासिकल म्हणजे सावकाश खेळायची स्पर्धा, प्रत्येकाला एक तास आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढीव. चौथ्या फेरीत आमच्यासमोर एक रिटायर्ड गुरुजी आले, सत्तरीच्या आसपासचे, डोक्याला टोपी, खिशात दोन पेन. पोरानं सुरुवातीपासून त्यांना दाबून ठेवलं, एक प्यादं मारलं, सगळी मारामारी होऊन शेवटी राहिलं काय तर दोघांकडं एकेक हत्ती आणि आपल्याकडं एक प्यादं जास्त. ते प्यादं जी७ वर, आपला राजा त्याच्यापुढं जी८ वर, आपला हत्ती ई१ वर. काळा राजा डी७, काळा हत्ती एच२. चाल आपली. ज्यांना खेळ कळतो त्यांनी पट मांडून बघा, ही जिंकलेली पोझिशन आहे, पुस्तकातली. लुसेना म्हणतात तिला. नाव लुसेना या जुन्या स्पॅनिश लेखकाचं आहे पण त्याच्या १४९७ च्या पुस्तकात ही पोझिशन नाहीच, ती सापडते साल्वियोच्या १६३४ च्या पुस्तकात. म्हणजे जवळजवळ चारशे वर्षांपासून माणसाला माहिती असलेली गोष्ट. हत्ती चौथ्या ओळीत आणायचा, ई४ वर. मग राजा बाहेर काढायचा, समोरचा शह देत राहतो, आपण एकेक घर खाली उतरत जी५ पर्यंत यायचं, आणि शेवटच्या शहाला आपला हत्ती जी४ वर मध्ये घालायचा. शह संपले. प्याद्याचा वजीर. याला पूल बांधणं म्हणतात.

पोरानं दोन सेकंदात राजा बाहेर काढला. शह. राजा परत आत. गुरुजींचा हत्ती परत एच२ वर. पोरानं परत तसंच केलं, परत दोन सेकंदात. मी लांबून बघतोय, माझ्या हाताला घाम, बोलता तर येत नाही. गुरुजींनी मग हत्ती हलवलाच नाही, आधी कागदावर चाल लिहिली, घड्याळ थांबवलं आणि आर्बिटरला हात केला. तीच पोझिशन तिसऱ्यांदा आली की ड्रॉ मागता येतो. ड्रॉ. गुरुजींच्या घड्याळात दोन मिनिटंही नव्हती, आणि आपल्या लेकराच्या घड्याळात २२ मिनिटं शिल्लक होती. बावीस! त्या बावीस मिनिटांत त्यानं तो पूल स्वतःच्या डोक्यानं शोधून काढला असता, इतकं डोकं आहे त्याला. पण थांबायचं असतं हेच त्याला कुणी शिकवलेलं नाही.

काल रात्री मी त्याच्या ऑनलाईन गेम काढून बसलो, साठेक तरी बघितल्या, दीड वाजला. त्यानंच पाठवल्या होत्या, "मामा, बघा ना काय कमी पडायलंय" असं लिहून. ते वाचून मला कसंतरीच झालं. तर ऐका आमचा मास्टर कसा खेळतो ते. हल्ला सुंदर करतो, खरंच सुंदर. समोरच्यानं कॅसलिंग केलं, म्हणजे राजा हत्तीआड कोपऱ्यात नेला, की याचं कडेचं एच प्यादं निघालंच. घोडा कुठून कुठं फिरवतो ते बघताना मला माझ्या कॉलेजचे दिवस आठवले, आम्ही जिल्ह्याला खेळायचो तेव्हा एवढी नजर आमच्यात एकाकडंही नव्हती. एच७ वर उंट मारून राजाला उघड्यावर ओढायचं याला इतकं आवडतं की जिथं ते बसत नाही तिथंही मारतो, आणि बुलेटमध्ये समोरचा घाबरतो, वेळ घालवतो, झेंडा पडतो म्हणजे त्याची वेळ संपते. जिंकला. स्क्रीनवर हिरवं. पुढची गेम.

वजीर बदलायची वेळ आली की पळतो. एक गेम बघितली, एक प्यादं वर, वजीर बदलला की सरळ जिंकणार, पण नाही, वजीर मागे घेतला आणि सहा चालींत हरला. समोरचा काय करणार आहे हा प्रश्न त्याच्या खेळात कुठंच दिसत नाही, स्वतःचंच चाललंय. पोझिशन थोडी वाईट झाली की धीराने बसून बचाव करायचा नाही, काहीतरी फेकायचं आणि गोंधळ घालायचा. आणि शेवटचा खेळ म्हणजे हत्ती-प्याद्यांचा, तो त्याला येतच नाही, कारण तिथपर्यंत पोचेस्तोवर दोघांपैकी एकाचा वेळ संपलेला असतो. त्या साठ गेममध्ये हत्तीचा एंडगेम मन लावून खेळलेली एक गेम मला सापडली नाही. एकही नाही! मग नांदेडला त्याच्या बोटांनी काय केलं? जे रोज रात्री करतात तेच केलं. यात लेकराचा काय दोष?

दोष त्या लोकांचा आहे जे महिन्याला फी घेतात आणि पोरांना ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीचे, सापळे शिकवतात. सात चालींत मात, आठ चालींत वजीर खा. कारण त्याचा व्हिडिओ चांगला होतो, आईबाप खूश होतात. जुना जगज्जेता कॅपाब्लांका शंभर वर्षांपूर्वी सांगून गेला की आधी शेवटचा खेळ शिका. ऐकतंय कोण. एंडगेम शिकवायला मास्तरलाच आधी बसावं लागतं ना. मी त्या दिवशी हॉलमध्ये त्या क्लासवाल्याला विचारलं, सर, लुसेना शिकवलंय का पोरांना? तर म्हणाला, इंजिनवर बघून घेतील ते, म्हणजे चाली सांगणाऱ्या कॉम्प्युटरवर. मला तिथंच राग आला होता, पण लोकांसमोर काय बोलणार.

इंजिन म्हणे. गुकेशला त्याच्या कोचनं, विष्णू प्रसन्नानं, कितीतरी वर्षं इंजिनपासून लांब ठेवलं होतं, स्वतः विचार कर म्हणून. आणि १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. साडेसहा-साडेसहा बरोबरी, चौदावा डाव, सगळे म्हणत होते ड्रॉ आहे, टायब्रेक होणार, म्हणजे बरोबरी फोडायचे वेगाचे डाव. एक जास्तीचं प्यादं घेऊन अठरा वर्षांचं पोरगं बसून राहिलं, बसून राहिलं, आणि पंचावन्नाव्या चालीला तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग, त्यानं हत्ती एफ२ वर आणला. गुकेशनं लगेच नाही मारलं. पाणी प्यायला, परत बघितलं, स्वतःला सावरलं, मग हत्ती बदलले, उंट बदलले आणि प्याद्यांचा साधा एंडगेम जिंकला. जगज्जेता. तो डाव मी दुकानात काउंटरवर बघितला, गिऱ्हाईक थांबून होतं, मला दिसलंच नाही, डोळ्यांत पाणी होतं.

आता तुम्ही म्हणाल, आपला ग्रँडमास्टर निहाल सरीन पण ऑनलाईन खेळूनच मोठा झाला, अमेरिकेचा नाकामुरा तर सतत ऑनलाईन वेगाचं खेळतो आणि जगातल्या अव्वल खेळाडूंत आहे. आहे, मान्य. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप घेतला तोही रॅपिडच्या, म्हणजे जलद डावांच्या, टायब्रेकमध्येच, म्हणजे वेगाला किंमत आहे, तेही मान्य. पण या लोकांना एंडगेम झोपेत येतो हो, त्यांच्या वेगाच्या खाली कितीतरी वर्षांचा पाया आहे. आमच्या लेकराला नुसता वेग दिला.

आणि खरं सांगायचं तर तो मोबाईल मीच दिला होता. २०२० चं लॉकडाऊन, पोरगं आठ वर्षांचं, घरात कोंडलेलं, ताई म्हणाली भाऊ याला काहीतरी लावून दे. मी लिचेस हे बुद्धिबळाचं अॅप टाकून दिलं, फुकट आहे, जाहिराती नाहीत, चांगलं आहे, आजही चांगलंच म्हणतो मी. परभणीत त्याच्याशी खेळायला होतं कोण? पुण्याच्या पोराला दर रविवारी स्पर्धा घराजवळ, आमच्याकडं क्लासिकल स्पर्धा खेळायची तर बहुतेक वेळा रात्रभर गाडीत बसा, बापानं सुट्टी टाका, लॉजचे पैसे वेगळे. मोबाईल नसता तर या लेकराला बुद्धिबळ दिसलंच नसतं. म्हणून मला त्या अ‍ॅपवर राग काढता येत नाही. माझे आजोबा गावात पारावर देशी नियमांनी खेळायचे, प्यादं पहिल्या चालीला एकच घर, आणि प्यादेमात दिली तर त्याचं कौतुक आठवडाभर. दुपारचा डाव दिवे लागेपर्यंत चालायचा. बघणारेही गप्प बसायचे. मी ते शेजारी बसून बघितलंय, म्हणून मला थांबणं माहिती आहे. भाच्याला बसायला कुठला पार होता?

परत नांदेड. एक गोष्ट मी घरी ताईला पण सांगितलेली नाही. डाव संपल्यावर गुरुजी उठले नाहीत. त्यांनी सोंगट्या परत मांडल्या, तीच पोझिशन, आणि म्हणाले, "बाळा, इकडं ये, तू जिंकला होतास, बघ." हत्ती ई४ वर ठेवला आणि हळूहळू एकेक घर राजा खाली आणून दाखवला. सत्तरीचा माणूस, ज्याला अर्धा गुण फुकट मिळालाय, तो समोरच्या पोराला, मला हरवायचं कसं, ते शिकवायलाय. आणि आमचं लेकरू मान खाली घालून मोबाईलवर बुलेट खेळत होतं. मला इतकी लाज वाटली. हातातला मोबाईल हिसकावून घ्यावा वाटलं. गुरुजी काहीच बोलले नाहीत, पट आवरला, पाठीवर हात ठेवला आणि गेले.

येताना गाडीत पूर्णेपर्यंत तो खेळतच होता. एकामागून एक गेम हरत होता. पूर्णेला गाडी थांबली, त्यानं मोबाईल माझ्याकडं दिला आणि खिडकीकडं तोंड करून म्हणाला, "मामा, ते हत्ती चौथ्या ओळीत आणायचं होतं. मी ऐकत होतो." मग रडला. मी काय बोलणार, पाठीवर हात फिरवत बसलो.

तेव्हापासून ते हसत नाही. आणि आज त्याच्या डोक्यावर मुकुट चिकटवून बॅनर. शाळेत पोरं मास्टर मास्टर म्हणतील, आणि पुढच्या स्पर्धेत एखाद्या १५०० वाल्याकडून हरला की हीच माणसं दात काढतील. मी त्या क्लासवाल्याला फोन केलाय, संध्याकाळपर्यंत बॅनर काढा म्हणालोय. बघू म्हणाला. नाही काढलं तर मी आणि दाजी जाऊन बसणार आहोत त्याच्याकडं.

रविवारपासून दुकान बंद झालं की पोराला माझ्याकडं बोलावलंय, लाकडी पट आहे जुना, एक उंट हरवलाय तिथं बाटलीचं झाकण ठेवू. रोज एकच एंडगेम, हातानं चाली लिहायच्या, मोबाईल दुसऱ्या खोलीत. बुलेट बंद कर असं मी म्हणणार नाही, ती त्याची मजा आहे, फक्त अर्धा तास, आणि हरलेली एक गेम माझ्यासमोर इंजिनशिवाय बघायची.

आणि एक काम आहे तुमच्याकडं. ते गुरुजी सेलूकडचे असावेत, बोलण्यावरून वाटलं. नांदेडच्या स्पर्धेला आले होते, टोपी, खिशात दोन पेन. मी गडबडीत नाव-नंबर काही विचारलं नाही. सेलू, मानवत, पाथरीकडच्या कुणाच्या ओळखीचे असतील तर आधी त्यांना विचारा आणि मग मला इनबॉक्समध्ये कळवा. लेकराला घेऊन जायचंय त्यांच्या घरी. ते स्वतःच म्हणालंय, मामा, मला त्यांच्यासमोर परत एकदा ती पोझिशन खेळायचीय.