माळ्यांचा सत्कार कसा उरकावा

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हणा, तो थेट हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर नेऊन सोडेल. तिथे रणजीचे सामने होतात, जॉगिंग ट्रॅकवर सकाळी गर्दी असते, गोल्फ तेवढा कोणी खेळत नाही. व्यवस्था उत्तम आहे. गोल्फ नाही, म्हणून गोल्फचं गवत राखणारी माणसंही नाहीत आणि त्यांचे आभार मानायची कटकटही नाही. पण तुमच्या कमिटीच्या नशिबी खरंच अठरा होल्स आले असतील, तर वर्षातून एकदा सत्कार टळत नाही. तो नीट करा.

वेळ सकाळी अकराची ठेवा. माळी पहाटे पाचपासून राबत असतो. अकराला तो इतका दमलेला असतो की गप्प उभा राहिला तरी भारावल्यासारखा दिसतो. फोटोही चांगले येतात.

भाषणात ‘हिरवा गालिचा’ तीनदा यायला हवा. गालिचा कशाने टिकतो, हे मात्र विचारू नका. ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरचं, गवत सिलिंडर मोवर या कापणी यंत्राने जेमतेम तीन-चार मिलिमीटरवर कापतात. रील म्हणजे त्याची फिरती पाती आणि खालची पट्टी यांच्यामध्ये धरलेला कागद स्वच्छ कापला गेला, तर धार बरोबर. धार गेली की गवताचं पातं कापलं न जाता फाटतं, टोकं पांढुरकी पडतात आणि त्या जखमेतून बुरशी शिरते. मुकादम ग्राइंडिंगसाठी, म्हणजे धार लावून घेण्यासाठी, अर्जांवर अर्ज करेल. दाद देऊ नका, पितळी स्मृतिचिन्हांचा खर्च त्याच खात्यातून व्हायचा आहे. उलट, ‘ग्रीन पांढरं का पडलं? पाणी मारत नाही का?’ असं चारचौघांत दरडावा. तो घाबरून जास्त पाणी सोडेल, बुरशी फोफावेल आणि पुढच्या वर्षीच्या भाषणाला ‘बुरशीशी झुंज’ हा मुद्दा आयता मिळेल.

मोवरचा हायड्रॉलिक होस, म्हणजे तेलाची नळी, तडकलेला असेल तर तो बदलायची घाई नको. गरम तेल गळतं आणि ग्रीनवर करपलेली सरळ रेघ उमटते. ‘उत्कृष्ट चालक’ पुरस्कार कोणाला नाकारायचा, हे त्या रेघेवरून आपोआप ठरतं.

सभासदांनीही हातभार लावावा, म्हणजे लावू नये. उंचावरून पडलेला चेंडू ग्रीनला खळगा पाडतो. छोटा दोन दातांचा फोर्क कडेने खुपसून माती मध्याकडे लोटायची आणि वरून पटरने, म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलायच्या काठीने, थोपटायचं, एवढंच काम. लगेच केलं तर खळगा एक-दोन दिवसांत भरतो, तसाच सोडला तर दोन-तीन आठवडे खरुजेसारखा दिसतो. काही उत्साही मंडळी फोर्क खालून उचकटतात. मुळं तुटतात आणि खळग्याचा डाग होतो. तुम्ही यातलं काहीच करू नका. गरिबाच्या पोटावर पाय कशाला?

होलची जागा रोज बदलणाऱ्या माणसाला स्टेजवर बोलावू नका. त्याचं काम दिसतच नाही. 108 मिलिमीटर व्यासाचं नवं भोक पाडायचं, आत बसवलेल्या कपाची कड जमिनीखाली निदान 25 मिलिमीटर ठेवायची आणि निघालेला मातीचा गोळा जुन्या भोकात अचूक पातळीवर बसवायचा. गोळा वर राहिला तर मोवर त्याचं टक्कल करतो, खाली राहिला तर पटिंग करताना, म्हणजे चेंडू होलकडे ढकलताना, तो उडी मारतो. बरोबर बसला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा माणसाला पुरस्कार द्यायचा म्हणजे परीक्षकांनी वाकून बघायला हवं, आणि वाकणं तर पटिंगपुरतंच राखून ठेवलेलं असतं.

एक धोका मात्र ऑक्टोबरातला. द्राक्षांची गोडी छाटणी सुरू होते, निफाड-दिंडोरीचे बागायतदार मजुरांना न्यायला गाडी पाठवतात आणि रोजचा हिशेब रोज चुकता करतात. तुमचा शिकवून तयार केलेला माणूस एका सोमवारी येत नाही. घाबरून मजुरी वाढवू नका, ठेकेदाराला फोन करून नवा माणूस मागवा. तो पहिल्याच दिवशी फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या पट्ट्यातल्या जास्त उंच गवताच्या, मापाला लावलेला मोवर ग्रीनवर चढवेल. त्याला ‘होतकरू कर्मचारी’ हे प्रमाणपत्र द्या; नाव चुकलं तरी चालेल, लॅमिनेशन चांगलं हवं.

शाल मात्र जाड निवडा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे लांब बांबूने ग्रीनवरचं दव झाडावं लागतं, नाहीतर पुन्हा बुरशी. त्या वेळी इथला पारा दहाच्या खाली उतरलेला असू शकतो, आणि स्वेटरची फाइल अजून कमिटीपुढेच आहे.