खुलासा : ढाक्याच्या विणकरांचे अंगठे इंग्रजांनी तोडले होते का?

"मलमल विणता येऊ नये म्हणून इंग्रजांनी ढाक्याच्या विणकरांचे अंगठे छाटले," असा मजकूर पुन्हा फिरतो आहे. असा हुकूम निघाल्याचा समकालीन पुरावा नाही.

या गोष्टीचं मूळ बहुधा ईस्ट इंडिया कंपनीचा माजी नोकर विल्यम बोल्ट्स याच्या 1772 च्या पुस्तकात आहे. पण त्यात लिहिलंय ते वेगळंच: बंगालमधल्या कच्चं रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांवर इतकी जुलूमजबरदस्ती झाली, की सक्तीचं काम टळावं म्हणून काहींनी स्वतःचेच अंगठे कापून घेतले. मला हे जास्त भयंकर वाटतं.

विणकरांची कोंडी केली ती कंपनीच्या गुमास्त्यांनी. बळजबरीनं आगाऊ रक्कम गळ्यात मारायची, माल बाजारभावापेक्षा कितीतरी कमी दरात उचलायचा, नकार दिला तर फटके. पुढे इंग्लंडात भारतीय कापडावर जबर जकात बसली आणि गिरणीचं कापड मात्र इकडे नाममात्र जकातीवर येऊ लागलं. ढाक्याची दीड लाखांची वस्ती तीस-चाळीस हजारांवर आली, अशी साक्ष चार्ल्स ट्रेव्हेलियन या इंग्रज अधिकाऱ्यानंच 1840 मध्ये संसदीय समितीपुढे दिली.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर कृपया ही साक्ष पाठवा.