पेशंटच्या घरचे कोण?

मागच्या पावसाळ्यात एका रात्री दोनच्या सुमारास मी माझ्या जोडीदाराला घेऊन नागपुरात धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात पोहोचले. तिचे पोट संध्याकाळपासून दुखत होते, आणि तपासणी झाल्यावर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया लवकरात लवकर करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म पुढे केला. नाव, वय, पत्ता, रक्तगट हे सगळे मी भराभर लिहिले आणि ‘रुग्णाशी नाते’ ह्या रकान्यापाशी थांबले. आम्ही तेरा वर्षे एकत्र राहतो. घराचे हप्ते, गॅसचा नंबर, तिच्या आईची औषधे, माझ्या वडिलांचे वर्षश्राद्ध, सगळे दोघींनी मिळून केलेले आहे. मी ‘मैत्रीण’ असे लिहिले. त्या मुलाने ते वाचले आणि अगदी सभ्यपणे विचारले, “मॅडम, पेशंटच्या घरचं कोणी नाही का? सही घरच्यांचीच लागते.”

तिचा भाऊ अमरावतीला असतो. त्याला फोन केला, तो भर पावसात गाडी घेऊन निघाला आणि पहाटे साडेपाचला पोहोचला. तोपर्यंत शस्त्रक्रिया थांबली होती. अनामत रक्कम मात्र माझ्याकडून रात्रीच भरून घेतली गेली. भाऊ आल्यावर सही झाली, आणि त्यानंतर पुढचे तीन दिवस प्रत्येक डॉक्टर त्याच्याशीच बोलला. तिला सल्फाच्या औषधांची ॲलर्जी आहे हे त्याला माहीत नव्हते. ते मला माहीत होते, आणि ते सांगण्यासाठी मला त्या खोलीच्या दारात दोनदा अडून उभे राहावे लागले. भाऊ चांगला माणूस आहे, पहिल्यांदा अडले तेव्हा त्यानेच डॉक्टरांना म्हटले, “हिला विचारा, सगळं हिलाच माहीत आहे.” त्याचे हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. पण सगळ्यांचे भाऊ असे नसतात, आणि आपला जीव भावाच्या स्वभावावर सोपवून ठेवणे शहाणपणाचे नाही, एवढेच मला आज सांगायचे आहे.

ह्या घटनेनंतर मी त्या रुग्णालयावर बरेच दिवस मनातून चिडून होते. नंतर एका वकील मैत्रिणीशी बोलले तेव्हा कळले की माझी अर्धी चूक मला नियम माहीत नसण्याची होती. रुग्ण सज्ञान असेल आणि शुद्धीवर असेल तर उपचाराची संमती त्याची स्वतःची असते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केले होते. त्यात सज्ञान मुलीच्या ऐवजी आईची घेतलेली संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नव्हती. माझी जोडीदार त्या रात्री वेदनेने कळवळत असली तरी पूर्ण भानावर होती. तिची स्वतःची सही पुरेशी होती. नातेवाइकांची सही ही रुग्णालयांनी स्वतःच्या बचावासाठी पाडलेली रीत आहे, आणि रात्री दोन वाजता काउंटरवर उभ्या असलेल्या घाबरलेल्या माणसाला रीत आणि कायदा यांतला फरक कोण समजावून सांगणार? तो फरक आपण दिवसा, निवांत असताना, कागदावर लिहून ठेवायला हवा होता. आम्ही तेरा वर्षांत तो लिहिला नव्हता.

आपल्या समाजाविषयी, म्हणजे समलैंगिक, उभयलैंगिक आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) माणसांविषयी, जेव्हा जेव्हा लिहिले जाते तेव्हा मोठ्या निकालांविषयी लिहिले जाते. ते निकाल मोठे आहेतच. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ चा आपल्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द झाला, त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले होते. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने आपल्याला विवाहाचा हक्क मिळाला नाही, त्या दिवशीही आम्ही दोघी फारसे जेवलो नाही. पण त्या दोन तारखांच्या मधले आणि नंतरचे सगळे दिवस आपण कसे काढतो, याविषयी आपण आपसांतही फार कमी बोलतो. विवाह नाही म्हणजे ‘घरचे’ हा शब्द आपल्यासाठी कायद्याने रिकामा आहे. तो आपल्यालाच एकेका कागदाने भरावा लागणार आहे.

त्यासाठी काय करता येते ते मी आता जरा सविस्तर लिहिते, कारण ही माहिती मला कोणी दिली नव्हती. मानसिक आजाराच्या उपचारात आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा हे ठरवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला दिला आहे. साध्या कागदावर त्या व्यक्तीचे नाव लिहून सही किंवा अंगठा केला आणि त्या व्यक्तीने लेखी संमती दिली की झाले. ती व्यक्ती रक्ताची असलीच पाहिजे अशी अट नाही. बरे होण्याची आशा उरली नसताना कोणते उपचार नकोत, आणि त्या वेळी कोणाचे ऐकावे, हे आधीच लिहून ठेवण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्याच, पण इच्छामरणाविषयीच्या वेगळ्या निकालाने झाली, आणि २०२३ साली ती पद्धत सोपी झाल्यामुळे आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही करणे पुरते. बँकेत संयुक्त खाते उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आपल्याला कोणतीही मनाई नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये लेखी स्पष्ट केले आहे. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले मानावे, असेही केंद्राने राज्यांना कळवले आहे.

नॉमिनीच्या बाबतीत मात्र आपल्यातल्या बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. नॉमिनी झालेली व्यक्ती पैसे फक्त स्वीकारते. मालकी वारसांची राहते. माझ्या जोडीदाराच्या नावावर मानेवाड्यात एक छोटा फ्लॅट आहे, ज्याचे निम्मे हप्ते मी भरले आहेत. तिने मृत्युपत्र केले नाही आणि उद्या तिचे काही बरेवाईट झाले, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तो तिच्या आईवडिलांकडे आणि त्यांच्या पश्चात वडिलांच्या वारसांकडे जाईल. मी त्या यादीत कुठेही नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर होते, त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, फक्त स्वतःची आणि दोन साक्षीदारांची सही हवी. ज्याला मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. आम्ही ते ह्या जानेवारीत केले, आणि दोन्ही साक्षीदार आमच्यासारख्याच मित्रमैत्रिणींच्या आमच्या गटातले होते.

हे लिहिताना मला एक गोष्ट खटकत राहते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये राज्यांना जे पत्र पाठवले त्यात म्हटले आहे की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे. नातेवाईक उपलब्ध असतील, आणि तेच दार अडवून उभे असतील, तर काय करायचे हे त्यात नाही. आमच्या ओळखीतल्या एका माणसाला वीस वर्षांच्या जोडीदाराचे अंत्यदर्शन अंबाझरी घाटावर लांबून, गर्दीच्या मागे उभे राहून घ्यावे लागले. त्या दिवशी आम्ही सहा जण त्याच्या सोबत गेलो, आणि घाटावरून त्याला घरी आणून पंधरा दिवस आळीपाळीने त्याच्याकडे राहिलो. सुतक त्याचे होते, आणि ते पाळायला त्याच्याजवळ कोणीतरी असायला हवे होते.

आमचा गट खरे तर तेव्हापासून सुरू झाला. त्याला नाव नाही. नागपुरात सारथी ट्रस्टसारखी संस्था कितीतरी वर्षे काम करते आहे, आणि २०१६ साली शहरात पहिला प्राइड मोर्चा निघाला तो अशाच लोकांच्या धाडसामुळे. मी तो रस्त्याच्या पलीकडून, तोंडाला ओढणी बांधून पाहिला होता. आम्ही संस्था नाही. आमच्याकडे एक वही आहे. त्यात प्रत्येकाचा रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे, घरच्यांपैकी कोणाला फोन करायचा आणि कोणाला मुळीच करायचा नाही, हे लिहिलेले आहे. हा शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आहे. मध्यरात्री कोणाकडे गाडी आहे, मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी रुग्णालयात, कोणाची ओळख आहे, पोलीस ठाण्यात न घाबरता कोण बोलू शकते, हेही त्यात आहे.

दोन वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यातला एक मुलगा आमच्याकडे आला. वय चोवीस, बुटीबोरीच्या एका कारखान्यात नोकरी. घरी मुली बघायला सुरुवात झाली होती. त्याने थोरल्या काकांना हिंमत करून खरे सांगितले, तेव्हा त्याला एका डॉक्टरकडे नेण्यात आले आणि त्या डॉक्टरने काही महिन्यांच्या औषधाने मुलगा ‘सुधारेल’ असे सांगून पैसे घेतले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० सालीच काढली आहे. पण ही वाक्ये मी त्याला पहिल्या दिवशी सांगितली नाहीत. तो तीन रात्री झोपलेला नव्हता. त्याला जेवायला वाढले आणि आतल्या खोलीत पंखा लावून दिला. दुसऱ्या दिवशी आमच्यातले एक निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, त्याच्याजवळ येऊन बसले. त्यांनी त्याला स्वतःच्या तरुणपणीचे सांगितले: बत्तिसाव्या वर्षी घरच्यांच्या आग्रहाने केलेले लग्न, त्या बाईच्या आयुष्याचे झालेले नुकसान, आणि तिची क्षमा मागायला त्यांना लागलेली अठरा वर्षे. मुलगा ऐकत राहिला. त्याने लग्नाला नकार दिला तो त्या बोलण्यानंतर, स्वतःच्या शब्दांत, आईला फोन करून.

इथे माझे आपल्यातल्याच काही मित्रांशी मतभेद आहेत. ‘आऊट हो, मोकळा हो’ असा सल्ला ते सहज देतात. ज्याचे घर, नोकरी आणि जेवण स्वतःचे आहे त्याने हा सल्ला स्वतःला द्यावा. ज्या मुलीचा फोन तिचा भाऊ रोज तपासतो, तिला तो देणे निर्दयपणाचे आहे. कोणी कधी आणि कोणाला सांगावे हे ज्याचे त्याने ठरवावे. आपण फक्त सांगितल्यानंतरच्या रात्रीची सोय करून ठेवावी. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी करू लागले तर एकट्याने निभावून नेऊ नये, १४४१६ ह्या टेलिमानस हेल्पलाइनवर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते.

एक चूक मला इथे मान्य करायची आहे. पहिली काही वर्षे आमच्या गटात पारलिंगी कोणी नव्हते. आम्ही सगळे नोकरदार, सोसायटीत राहणारे. शेजारी काय म्हणतील ह्या भीतीने आम्ही त्यांना घरी बोलावत नव्हतो. जी वागणूक जगाने आपल्याला दिली म्हणून आपण रडतो, तीच आपण त्यांना देत होतो. आणि ज्यांच्याकडून शिकायचे ते तर त्याच होत्या. घरातून हाकललेल्या पोराला जेवायला घालणे आणि आजारी गुरूच्या उशाशी चेल्याने बसणे ही व्यवस्था किन्नर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चालवली आहे. त्या व्यवस्थेत जाचही आहे, हे त्यांच्यातल्याच तरुण मुली सांगतात, पण म्हातारपणी एकटे मरावे लागणार नाही ही हमी तिथे होती आणि आपल्याकडे नव्हती. २०१८ साली नागपुरातल्या लोकअदालतीच्या पॅनेलवर पारलिंगी विद्या कांबळे बसल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी अभिमानाने ती बातमी एकमेकांना पाठवली होती, आणि त्याच वर्षी आमच्यातल्या एकीनेही एखाद्या पारलिंगी बाईला खोली मिळवून देण्यासाठी घरमालकाशी शब्द टाकला नव्हता. आता टाकतो. गेल्या वर्षभरात दोघींना भाड्याने घर मिळाले, ते आमच्यापैकी कोणीतरी जामीन राहिल्यामुळे.

सणांचे मात्र अजून जमलेले नाही. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत माझी जोडीदार माहेरी जाते, कारण आई आता थकली आहे, आणि मी तिथे ‘रूम पार्टनर’ म्हणून जेवायला जाते. तिच्या वहिनीने गेल्या वर्षी मला पहिल्यांदा पुरणाचे दिवे करायला आत बोलावले. कोणी काही बोलले नाही, मीही बोलले नाही.

मागच्या रविवारी आमच्या घरी अकरा जण कागद भरायला बसले होते. वकील मैत्रिणीने प्रत्येकाचा मजकूर तपासला. दोघांनी मृत्युपत्र पूर्ण केले. सरांनी आपल्या उपचारांचे निर्णय घेण्यासाठी त्या भंडाऱ्याच्या मुलाचे नाव लिहिले आणि त्याने त्यांचे. पुढची बैठक येत्या महिन्यात आहे. वहीत हिंगणा, वाडी आणि बुटीबोरीकडे रात्री धावून जाऊ शकेल असे अजून कोणी नाही, आणि तिकडे शिफ्टमध्ये काम करणारी आपली बरीच मुले राहतात. त्या भागात कोणी असाल तर मला निरोप पाठवा. खरे नाव सांगण्याची गरज नाही. रक्तगट आणि गाडी आहे की नाही एवढे कळवले तरी चालेल.