ड्रॉइंग कुणाचं?

शनिवारी इथे जर्मनीत केअरवोखेची, म्हणजे इमारतीच्या सामायिक साफसफाईची, पाळी माझी होती. जिना पुसत असताना भाच्याचा फोन आला. बेळगावला टिळकवाडीत तो आणि त्याचे दोन मित्र फाउंड्रीवाल्यांसाठी ॲप काढतायत. ऑर्डर, डिस्पॅच, कामगारांची हजेरी, सगळं त्यात. डिझाइन मात्र बाहेरच्या एका फ्रीलान्सरला द्यायचं ठरलंय. "पैसे वाचूलालेत की, मामा." तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

माझे वडील तिथल्याच उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, पॅटर्न शॉपमध्ये होते. लाकडाचा पॅटर्न, त्यावरून वाळूचा साचा, मग ओतकाम. बीड थंड होताना शंभराला साधारण एक इतकं आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. हे त्यांच्या हातात होतं. पण ड्रॉइंग बाहेरून यायचं आणि भावही ड्रॉइंगवालाच ठरवायचा. आमच्या गावाने जन्मभर जॉबवर्क केलं. आता पोरं स्वतःची वस्तू काढतायत, आणि बाहेर काय देतायत? ड्रॉइंग!

त्याने नमुन्याचे स्क्रीन पाठवले. आधी इंग्रजीत मांडून मग त्यात मराठी आणि कन्नड ओतलंय. कन्नड जोडाक्षरातलं दुसरं अक्षर ओळीच्या खाली उतरतं. बटणाची उंची इंग्रजीच्या मापाची, त्यामुळे ते खालून कापलं गेलंय. मराठीचे उकार तसेच. भाषा बदलायची सोय तिसऱ्या मेनूत लपलेली. जिथे दुकानाच्या पाटीवर कुठली अक्षरं मोठी यावरून माणसं रस्त्यावर उतरतात, तिथे! एकाच भट्टीपाशी एक जण मराठी वाचतो, दुसरा कन्नड. हे दूरच्या माणसाला कोण सांगणार?

इथे स्टुटगार्टला आमच्या कंपनीत असं चालत नाही. यंत्राचं हँडल बदलायचं तरी डिझाइनर आधी कामगाराशेजारी उभा राहतो.

खरं सांगायचं तर सुटे भाग रेखाटण्याचं काम आमच्याकडूनही पुण्याला जातं. कारण तेच, पैसे. पण काय बनवायचं ते इथे ठरतं, आणि ते ठरवणाऱ्या टेबलाशी मी बारा वर्षं बसतोय. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत माझी आद्याक्षरं असतात. वडिलांना त्याचं फार कौतुक होतं. त्यातलं एकही ड्रॉइंग उद्यमबागेतल्या कुणासाठी नव्हतं, हे मी त्यांच्यापाशी कधी बोललो नाही.

काल भाच्याला फोन केला. म्हटलं, आयकॉन, रंग खुशाल बाहेर द्या. पण कुठल्या स्क्रीनवर काय हवं ते तुम्ही तिघं फाउंड्रीत आठवडाभर उभं राहून ठरवा. मराठी-कन्नडचे स्क्रीन मी काढून देतो, पैसे नकोत.

तो जरा थांबला. "मामा, तुम्हीपण बाहेरचेच की आता."

मला राग आला. मग विचारलं, पहिली पाळी हल्ली किती वाजता सुटते? त्याने सांगितलं. वडिलांच्या वेळची ती वेळ नव्हती. मी लिहून घेतली.