'80 फूट टाकणाऱ्याला 50 फुटांवर अडवलं' : रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

माझ्या फ्लाय फिशिंगच्या, म्हणजे वजनदार लाइनने हलकं नकली आमिष (फ्लाय) फेकून मासे धरायच्या, शिकवणीवरचा तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या तक्रारी थोडक्यात इथे देतो. दोन दिवसांचे पैसे घेतले आणि पहिला अख्खा दिवस बागेतल्या हिरवळीवर कागदी थाळ्यांवर फ्लाय टाकायला लावली. घरी 80 फूट टाकणाऱ्या माणसाला 50 फुटांपुढे जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी वारा होता, कॅप्टन ओरडत होता, एकही बोनफिश (उथळ समुद्रातला चपळ मासा) लागला नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांवर आता मासेच उरलेले नाहीत. आणि 'मराठी माणूस म्हणून विश्वासाने आलो होतो.'

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. इथे कीजमधल्या आयलामोराडा गावात कोणी मराठीत शिकायला आलं की मलाही बरं वाटतं, दुपारी डब्यातून पोळी-भाजी निघाली तर आणखीच. पण आपण कुठल्या गावचे हे बोनफिशला ठाऊक नसतं. त्याच्यासमोर उभं राहायची तयारी करून घेणं एवढंच माझं काम, आणि त्यात मी गाववाल्यांना सूट देत नाही.

आता 80 फूट. तुम्ही ते टाकता, मी डोळ्यांनी पाहिलं. वारा पाठीमागून, पायाखाली गवत, पाच-सहा फॉल्स कास्ट (फ्लाय खाली न पाडता लाइन हवेतच मागे-पुढे झुलवणं), मग सोडलं. लांब गेलं. पण फ्लॅट्सवर, म्हणजे गुडघाभर पाण्याच्या त्या पसरट भागात, मासा सहज चालणाऱ्या माणसाच्या वेगाने येत असतो. एका फॉल्स कास्टला दीड-दोन सेकंद धरा. पाच फॉल्स कास्ट होईपर्यंत मासा 30 फूट पुढे सरकलेला असतो, आणि तुमचा नेम मात्र तो मघाशी होता तिथे. शिवाय 80 फुटांवरचा राखाडी मासा राखाडी पाण्यात दिसायला डोळे मुरावे लागतात. पहिल्यांदा येणाऱ्याला तो बहुतेक वेळा 40-50 फुटांवर आल्यावरच दिसतो.

आणि खरी गंमत अशी की 40 फूट हे 80 पेक्षा सोपं नाही. अंतर तुमच्यापासून फ्लायपर्यंत मोजायचं. त्यातून 9 फुटांचा रॉड वजा करा, 10 फुटांचा लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय जोडणारा बारीक दोरा, वजा करा. रॉडच्या टोकाबाहेर जेमतेम 21 फूट लाइन उरते. 8 नंबरच्या लाइनचं वजन (नंबर जितका मोठा तितकी लाइन जड) ठरवतात ते तिच्या पहिल्या 30 फुटांवरून, 210 ग्रेन म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅम. तुमच्याकडे बाहेर त्याहून बरंच कमी वजन आहे. रॉड नीट वाकत नाही, म्हणून हात आपोआप जोर लावतो. मध्येच जोर लावला की रॉडचं टोक सरळ रेषेतून खाली येतं, लाइन स्वतःलाच ओलांडते, लीडरला गाठ पडते. 80 फूट टाकताना लाइनचं वजन तुमची चूक झाकून नेतं. जवळच्या कास्टला असं झाकायला काहीच नसतं. म्हणून 50 ची हद्द घातली होती. तुम्हाला कमी लेखायला नव्हे.

थाळ्यांचा पाण्याशी काय संबंध, असं तुम्ही विचारलंय. त्या 25 पासून 50 फुटांपर्यंत मुद्दाम वेड्यावाकड्या मांडलेल्या होत्या. 'अकरा वाजता, 40 फूट' असं मी अचानक म्हणायचो आणि तुम्ही दोन फॉल्स कास्टमध्ये टाकायचं. बोटीवर कॅप्टन याच भाषेत बोलतो. बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. सकाळी 'दहा' ऐकून तुमचा हात दोनकडे जात होता, दुपारपर्यंत तो बरोबर जायला लागला. थाळ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी तुम्ही रिव्ह्यूत लिहिली नाहीत: तुमची बॅक कास्ट, म्हणजे लाइनची मागची फेक, सरळ मागे जात नाही, उजवीकडे वळते. फ्लाय बॅक कास्टच्या बरोबर उलट दिशेला जाते. मागे वाकडं गेलं की पुढे थाळीच्या डाव्या बाजूला पडतं, मग नजर कितीही थाळीवर असो. त्यासाठीच मान वळवून मागे बघा म्हणत होतो. आणि लाइन मागे सरळ व्हायच्या आधी हात पुढे आला तर आसूड ओढल्यासारखा आवाज येतो आणि फ्लाय तुटून गवतात जाते. किती फ्लाया गवतात गेल्या ते राहू दे.

वाऱ्याचं तुम्हीच लिहिलंत म्हणून लिहितो, नाहीतर बोटीवरचं मी चारचौघांत काढत नाही. कीजमध्ये वारा हा अपवाद नाही. ज्या दिवशी तो नसतो त्या दिवशी उलट पाणी आरशासारखं होतं आणि मासा फ्लाय पडल्याच्या नुसत्या टपकण्याने पळतो. हलकी लहर असेल तर आपलं बरंच खपून जातं. अडचण वाऱ्याच्या जोराची नव्हती, दिशेची होती. तो उजव्या खांद्यावरून येत होता आणि तुम्ही उजव्या हाताने टाकता, म्हणजे लाइन दर वेळी तुमच्याच अंगावर. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही पहिल्या दिवशी दुपारी आपण केले होते. रॉड डाव्या खांद्यावरून तिरका न्यायचा, किंवा सरळ माशाकडे पाठ करून उभं राहायचं आणि फ्लाय बॅक कास्टवर सोडायची. दुसरा दिसायला विचित्र, पण मला तोच आवडतो. बोटीवर तुम्ही दोन्ही सोडून फक्त जोर वाढवलात. नवीन माणूस तेच करतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मग दोष वाऱ्याच्या नावावर टाकू नका.

कॅप्टन ओरडला हे खरं. बोटीच्या मागच्या उंच फळीवर उभा राहून तो लांब दांड्याने बोट ढकलत असतो. त्याला मासा तुमच्या आधी दिसतो आणि वारा त्याचा आवाज खाऊन टाकतो. 'थांब' हा शब्द हळू आवाजात पोहोचत नाही. त्याच्या बोलण्यात शिवी नव्हती, तशी असती तर मी त्याच्याबरोबर काम केलं नसतं.

त्या दिवशी सगळ्यात चांगली संधी कोणती होती ते तुम्हालाही आठवत असेल. खारफुटीच्या कडेला शेपटी वर काढून चरणारा एकटा मासा, अंतर 40 च्या आत. डोकं चिखलात घालून चरत असेल तर फ्लाय त्याच्या दोन-तीन फूट जवळ चालते, पोहत असेल तर आणखी पुढे टाकावी लागते. तुमची फ्लाय अंतराने बरोबर पडली, पण पलीकडच्या बाजूला. मग तुम्ही ती ओढलीत आणि ती सरळ माशाच्या तोंडावर चालून आली. माशाच्या लेखी फ्लाय म्हणजे कोळंबी, आणि कोळंबी माशावर हल्ला करत नाही. ती पळते, मासा पाठलाग करतो. भक्ष्य आपल्या अंगावर येतंय असं दिसलं की बोनफिश तिथून गायब. चूक चार फुटांची होती, आणि ती चार फूटच मी पहिल्या दिवशी थाळ्यांवर भरून काढत होतो. संध्याकाळच्या माशाने तर फ्लाय तोंडात घेतली होती. तुम्ही थंड नद्यांतल्या ट्राउट माशाच्या सवयीने रॉड वर उचललात आणि गळ तोंडातून निघून आला. रॉड खाली, टोक माशाकडे, लाइन डाव्या हाताने लांब ओढायची. याचा कास्टिंगशी संबंध नाही, पण 'एकही मासा लागला नाही' या वाक्यात हाही मासा आला पाहिजे.

मासे उरलेले नाहीत, हे अर्धंच खरं. जुने कॅप्टन पूर्वीचे कळप सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत. 2010 च्या जानेवारीतल्या थंडीच्या लाटेत इथे असंख्य मासे मेले, बोनफिशही. 2013 पासून फ्लोरिडात बोनफिश फक्त पकडून सोडायचा असा नियम आहे, म्हणजे लागला असता तरी तळायला नेता आला नसता. (हे आधी कोणी सांगितलं नाही असं तुम्ही लिहिलंय. बुकिंगच्या ईमेलमध्ये तिसऱ्या परिच्छेदात आहे.) अलीकडे परिस्थिती सुधारते आहे. तुम्हाला त्या दिवशी मासे दिसले, एकापेक्षा जास्त, आणि त्या दिवसाबद्दल माझं मत त्यावरूनच ठरतं.

पैसे परत मागितलेत. देणार नाही, कारण जे सांगितलं होतं ते सगळं झालं. पहिला दिवसही बदलणार नाही. तो नको असेल तर फक्त बोट देणारे कॅप्टन या बेटांवर हवे तितके आहेत आणि त्यांतले कित्येक माझ्यापेक्षा चांगले मासे दाखवतील.

पण परत यायचं मनात असेल तर तोवर एवढं करा. लाइनवर पक्क्या मार्करने खुणा करा, बाहेर किती गेली ते हातालाच कळू दे. 30 फुटांना एक रेघ, 40 ला दोन. बागेत रोज दहा मिनिटं, गळाऐवजी लोकरीचा तुकडा, डोळ्यांवर चष्मा. फ्लाय डाव्या हाताच्या चिमटीत, रॉडबाहेर थोडीच लाइन, बाकीची पायाशी मोकळी. बायकोला किंवा मुलाला घड्याळाचा आकडा ओरडायला सांगा आणि त्या क्षणापासून फ्लाय पडेपर्यंत सेकंद मोजा. पाचच्या आत आलात की पुढचं बोलू. नजर फ्लाय पाडायची त्या जागेवर ठेवा, माशावर नको, आणि नेम पाण्याच्या हातभर वर धरा म्हणजे फ्लाय आपटत नाही.

आणि तुमची लाइन. ती थंड पाण्यातल्या ट्राउटची आहे. इथल्या उन्हात ती नरम पडून रॉडच्या कड्यांना चिकटत होती, निम्मा त्रास तिचाच होता. उष्ण कटिबंधासाठी बनवलेली कडक लाइन लागते. विकत घेण्याआधी मला तुमच्या रॉडचा फोटो पाठवा. दुकानात बहुधा एक नंबर जास्तीची गळ्यात मारतील, आणि तुमच्या रॉडला ती लागेलच असं नाही.